सैरंध्रीचे वन आणि कवींचा आवाज

निसर्गकविता म्हणजे विसाव्याची कविता, अशी एक समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. संसाराच्या दगदगीने शिणलेल्या माणसाने घटकाभर झाडाखाली टेकावे, तशी ती वाचावी आणि मग आपल्या कामास लागावे. या समजुतीच्या मुळाशी एक गृहीत दडलेले आहे: कवी जातो, वन राहते. बालकवी १९१८ साली ऐन तारुण्यात गेले. त्यांचा श्रावण मात्र दरवर्षी येतच राहिला. परंतु ज्या काळी वनच जाऊ लागते, त्या काळी या कवितेने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधू गेल्यास आपणांस परदेशी जावयास नको. आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण भागात, केरळातील पालक्काड जिल्ह्यात, सायलेंट व्हॅली नावाचे सदाहरित अरण्य आहे. तेथील लोकांच्या तोंडी त्याचे जुने नाव सैरंध्रीवन. विराटाघरी द्रौपदीने जे नाव धारण केले तेच हे. आणि त्या वनातून वाहते ती नदी कुंतीची. सिंहासारखे शेपूट असलेल्या दुर्मिळ वानराचे हे एक माहेरघर होय.

या नदीवर धरण बांधून वीज काढण्याच्या योजनेस १९७३ साली नियोजन मंडळाने संमती दिली. १२० मेगावॉट वीज मिळावयाची आणि सुमारे ८३० हेक्टर वन पाण्याखाली जावयाचे, असा तो हिशेब होता. या योजनेमागे कोणाची दुष्टबुद्धी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. मलबारात विजेची टंचाई होती, कारखाने नव्हते, तरुणांच्या हाताला काम नव्हते. म्हणूनच हा झगडा कठीण होता. कारण तो चांगले आणि वाईट यांच्यातला नसून दोन गरजांमधला होता.

विरोधाचा पहिला आवाज शास्त्रज्ञांचा. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी लेखणी उचलली. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने योजनेचा आर्थिक आणि तांत्रिक हिशेब मांडून, वीज अन्य मार्गांनीही मिळू शकेल असे दाखवले. सलीम अलींसारख्या पक्षिशास्त्रज्ञाचे वजनही याच पारड्यात पडले. पण आकड्यांनी बुद्धीला पटते. मनाला ओढ लागत नाही. ज्या वनात आपण कधी पाऊल टाकले नाही, त्यासाठी कोणी का हळहळावे?

येथे कवी पुढे आले. सुगतकुमारी या कवयित्रीने वृक्षाचे स्तोत्र रचले आणि ते चळवळीच्या सभांचे जणू मंगलाचरणच होऊन बसले. ओ. एन. व्ही. कुरूप, अय्यप्प पणिक्कर, एन. व्ही. कृष्ण वारियर हे नामवंत कवी त्यांच्या बाजूस उभे राहिले. गावोगावी कविता म्हटल्या गेल्या. टीकाकारांनी त्यांना ‘झाडांचे कवी’ म्हणून हिणवले. पण त्या टवाळीने कवी गप्प बसले नाहीत.

तरीही १९८० च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने विरोधकांची याचिका फेटाळली. त्याच महिन्यात इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. त्यांच्या सरकारने काम थांबवावयास लावून प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९८३ साली योजना सोडून देण्यात आली, १९८४ साली ते वन राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले आणि १९८५ च्या सप्टेंबरात राजीव गांधींनी त्याचे उद्घाटन केले.

मग हे वन कवितेने वाचवले काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. कवितेने धरणाचा हिशेब चुकीचा ठरवला नाही. ते शास्त्रज्ञांचे काम. आदेशही तिने काढला नाही. ते राज्यकर्त्यांचे काम. पण शास्त्रज्ञांचे म्हणणे ऐकून घेणारा समाज तिने तयार केला. न पाहिलेले वन तिने लोकांच्या घरचे केले. हे काम थोडे नव्हे.

त्या लढ्यात कविताही बदलली. कुरूप यांनी पृथ्वीसाठी जे मृत्युगीत लिहिले, त्यात पृथ्वी अजून जिवंत आहे. पुढे शोक करावयास कोणी उरणार नाही, म्हणून शोक आधीच करावयाचा! कवी जातो, वन राहते, हे जुने गृहीत येथे पुरते उलटले आहे.

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून मान्य केली. त्यांत सायलेंट व्हॅली आहे, तसेच आपले कास, कोयना, चांदोली आणि राधानगरीही आहे. एकाच डोंगररांगेची ही लेकरे. केरळातील कवींनी आपल्या वनाचे नाव घरोघरी पोचवले. आपल्या गावामागच्या टेकडीवर उद्या यंत्रे चढू लागली, तर तिचे नाव किती जणांना ठाऊक असेल, याचा विचार आपण आजच केलेला बरा.