मॉक्सीच्या नावातलं औषध

अमेरिकेत एखाद्याच्या अंगात ‘मॉक्सी’ आहे म्हटलं की त्याच्यात धमक आहे असं समजायचं. १९३०च्या सुमारास रुळलेला हा शब्द कुठल्या शूरवीराकडून आलेला नाही. तो आला शीतपेयाच्या बाटलीतून. हे मॉक्सी दिसायला कोलासारखं. पहिला घोट गोड लागतो, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडवटपणा रेंगाळत राहतो. न्यू इंग्लंडबाहेर त्याला फारसं कुणी ओळखत नाही. मेन राज्याचं मात्र ते २००५ पासून अधिकृत शीतपेय आहे.

त्याचे जनक ऑगस्टिन थॉम्पसन मेनमधल्या युनियन गावचे. यादवी युद्धात लढून आल्यावर त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला दवाखाना थाटला. १८७६च्या सुमारास औषध निघालं, १८८०च्या दशकात त्यात सोडा मिसळला आणि ‘मॉक्सी नर्व्ह फूड’ बाजारात आलं. अर्धांगवायूपासून निद्रानाशापर्यंत सगळ्यावर ते गुणकारी, असा दावा होता. १९०६च्या अन्न-औषध कायद्यानं अशा दाव्यांना चाप लावला.

खरी गंमत नावात आहे. थॉम्पसन सांगत, की लेफ्टनंट मॉक्सी नावाच्या मित्राला या औषधातली वनस्पती दक्षिण अमेरिकेत सापडली. हा लेफ्टनंट आजवर कुणालाही भेटलेला नाही. त्या काळच्या रामबाण औषधांना दूरदेशीची दंतकथा लागायचीच. त्यामुळे तो निकालात काढू.

दुसरा तर्क वजनदार. मेनच्या नकाशात मॉक्सी धबधबा, मॉक्सी तळं आणि मॉक्सी डोंगर आहेत. स्थानिक अबेनाकी भाषेत या नावाचा अर्थ ‘गडद पाणी’, असं सांगतात. पेयही गडदच, त्यामुळे बरेच जण इथे थांबतात. मला हे पटत नाही. औषध विकायला निघालेला डॉक्टर बाटलीवर ‘काळं पाणी’ कशाला लिहील?

माझा कौल जमिनीलगत पसरणाऱ्या एका वेलीला. पांढऱ्या फळांच्या या वेलीला मेनमध्ये मॉक्सी-बेरी किंवा मॉक्सी-प्लम म्हणतात. तिला वास विंटरग्रीनचा, म्हणजे आपल्याकडच्या दुखऱ्या पाठीच्या मलमाचा. १८५७ साली लेखक थोरो मेनच्या जंगलात हिंडत होता, तेव्हा जो पोलिस या पेनॉब्स्कॉट वाटाड्यानं त्याला याच वेलीचा चहा करून दिला होता. आता अबेनाकीच्या भाषाभगिनी पाहा. क्री भाषेत औषधाला ‘मस्किह्की’ म्हणतात आणि ओजिब्वेत ‘मश्कीकी’. मस्की, मश्की, मॉक्सी! मेनमध्ये वाढलेल्या डॉक्टरच्या कानावर औषधी वेलीचं नाव पडलं नसेल, हे संभवत नाही. तळ्याला आणि डोंगराला तरी ते नाव दुसरीकडून कुठून मिळालं असणार?

मात्र कडवटपणा या वेलीचा नव्हे. तो येतो जेन्शनच्या मुळीतून. युरोपातल्या पहाडांवर वाढणारी ही वनस्पती आपल्या काडेचिराइताच्याच कुळातली. नातं इतकं जवळचं, की इंग्रज वैद्य जेन्शनच्या जागी चिराईत वापरू लागले आणि १८३९ साली एडिंबरोच्या औषधकोशात त्याची नोंद झाली. लहानपणी तापात आजीनं नाक दाबून काढा पाजला असेल, तर मॉक्सीची अर्धी चव तुम्हाला ठाऊकच आहे.

पुढचा इतिहास जाहिरातींचा. बोट रोखून बघणारा पांढऱ्या कोटातला ‘मॉक्सी बॉय’ आला, मोटारीवर बसवलेला नकली घोडा रस्तोरस्ती फिरला, बेसबॉलपटू टेड विल्यम्सनं पेयाची भलामण केली. तरी देशभर कोलाच जिंकला, आणि २०१८ साली कोका-कोलानंच मॉक्सी विकत घेतलं. मेनमधल्या लिस्बन फॉल्सची मॉक्सी जत्रा मात्र दर जुलैत भरते.

कोका-कोला, पेप्सी, डॉक्टर पेपर ही सगळी भावंडं औषधांच्या दुकानातच जन्मली. मोठी होताना त्यांनी औषधपण झटकून साखर तेवढी ठेवली. मॉक्सीनं कडूपणा सोडला नाही. त्यामुळे त्याचं राज्य लहान राहिलं, पण प्रजा मोठी निष्ठावान मिळाली. कधी बाटली हाती आलीच, तर बर्फासारखी गार करून प्या आणि पहिल्या घोटावर निकाल देऊ नका.