अँटेना जुळवणी

अँटेना जुळवणी म्हणजे दुतर्फा रेडिओसंचाच्या अँटेनाची (आकाशकाची) लांबी व जोडणी योग्य करण्याची क्रिया होय. प्रेषकाची जास्तीत जास्त शक्ती परत न फिरता अँटेनाकडे पोहोचावी, हा तिचा उद्देश असतो. जुळवणी बिघडलेली असल्यास संदेशाचा पल्ला घटतो आणि प्रेषकातील शक्तिवर्धक तापून निकामी होऊ शकतो.

तत्त्व

प्रत्येक अँटेना विशिष्ट वारंवारतेला अनुस्पंदित होतो. पाव तरंगलांबीच्या उभ्या अँटेनाची लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी ७१ या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागतात. त्यानुसार १४५ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे ४९ सेंमी, तर २७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २.६ मी. येते. दांड्याची जाडी व जवळच्या धातूच्या वस्तू यांमुळे प्रत्यक्ष लांबीत फरक पडतो.

बहुतेक संच व केबली ५० ओहम संरोधासाठी बनविलेल्या असतात. अँटेनाचा संरोध वेगळा असल्यास शक्तीचा काही भाग परावर्तित होतो. हे परावर्तन 'स्थिर तरंग गुणोत्तर' (एसडब्ल्यूआर) या राशीने दर्शवितात. १:१ हे आदर्श गुणोत्तर होय. १.५:१ असताना ४ टक्के, २:१ असताना सुमारे ११ टक्के, तर ३:१ असताना २५ टक्के शक्ती परावर्तित होते. व्यवहारात १.५:१ पर्यंतचे गुणोत्तर चांगले मानले जाते.

कार्यपद्धती

अँटेना प्रथम कायमच्या जागी बसवितात. पाव तरंगलांबीच्या अँटेनाला खाली धातूचा पृष्ठभाग लागतो, म्हणून वाहनात छताचा मध्य सर्वांत सोयीचा ठरतो. संच व केबल यांच्यामध्ये मीटर जोडून, कमी शक्तीवर, पट्ट्यातील सर्वांत खालच्या, मधल्या व सर्वांत वरच्या वारंवारतेला गुणोत्तर मोजतात.

• वरच्या टोकाला गुणोत्तर अधिक असल्यास अँटेना लांब आहे. तो आखूड करतात.
• खालच्या टोकाला अधिक असल्यास तो आखूड आहे; त्याची लांबी वाढवितात.
• सर्वच ठिकाणी ते खूप अधिक असल्यास केबल, जोडणी किंवा भूसंपर्क सदोष असण्याची शक्यता असते.

दांडा कापावयाचा असल्यास एका वेळी थोडाच कापून पुन्हा मापन करतात.

मर्यादा

कमी गुणोत्तर म्हणजे उत्तम प्रसारण नव्हे. ५० ओहमचा रोधक जोडल्यास गुणोत्तर १:१ मिळते. परंतु शक्ती प्रसारित न होता तिची उष्णता होते. केबलमधील क्षयही दोष झाकतो. ३ डेसिबल क्षयाच्या केबलला अँटेना जोडलेलाच नसला, तरी संचाजवळील मीटर सुमारे ३:१ दाखवितो. त्यामुळे शक्य तेथे मापन अँटेनाजवळ करतात. संचाजवळ बसविलेला 'अँटेना ट्यूनर' प्रेषकाचे रक्षण करतो, मात्र केबल व अँटेना यांच्यातील विजोड तसाच राहतो.

भारतातील संदर्भ

भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या नागरिक पट्ट्यात (सिटिझन बँड) कमाल ५ वॅट शक्तीचे संच परवान्याविना वापरता येतात. शक्ती वाढविण्याची मुभा नसल्याने पल्ला मुख्यतः अँटेनाची जागा, उंची व जुळवणी यांवर अवलंबून राहतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या हौशी पट्ट्यात प्रसारणासाठी मात्र परवाना आवश्यक असतो.

सुरक्षितता

प्रसारण चालू असताना अँटेनाला स्पर्श करू नये. त्यामुळे भाजण्याचा धोका असतो. विजेच्या तारांजवळ अँटेना उभारणे प्राणघातक ठरू शकते. चाचणीपूर्वी ती वारंवारता अन्य कोणी वापरीत नसल्याची खात्री करणे आवश्यक असते.