पावती मिळते, हिशेब मिळत नाही

12 जानेवारी 2014 रोजी कोल्हापुरात टोलनाके पेटले. आदल्याच दिवशी जिल्ह्यातल्या मंत्र्यांनी टोल रद्द झाल्याचे जाहीर केले होते आणि त्या भरवशावर उपोषण सुटले होते. दुसऱ्या दिवशी नाक्यांवर वसुली पूर्वीसारखीच चालू दिसली. मग जमावाने ना मंत्र्यांचे ऐकले, ना पोलिसांचे. फोडलेल्या काचा आणि जळणाऱ्या केबिन टीव्हीवर पाहून बाहेरच्यांनी अर्थ लावला की कोल्हापूरकरांना रस्ते हवेत, पण फुकट. तो अर्थ चुकीचा होता. रस्त्यासाठी पैसे मोजणे महाराष्ट्राला नवे नाही आणि त्याबद्दलची कुरकुरही जुनीच आहे. ती कुरकूर रकमेपेक्षा रकमेच्या हिशेबाबद्दल अधिक राहिली आहे.

पेशवाईत मालाच्या वाटेवर जागोजाग जकातीचे नाके असत. इंग्रजी अमलात 1830 च्या दशकात वाटेवरची ही जकात मोडीत निघाली. व्यापाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकावा तोवर दुसरी वसुली दारात उभी होती. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातून गाडीरस्ता काढला. 19 जानेवारी 1830 ला काम सुरू झाले आणि 10 नोव्हेंबरला रस्ता खुला झाला. दहा महिन्यांच्या आत! (अलीकडच्या एखाद्या उड्डाणपुलाची निविदाही एवढ्या वेळात निघत नाही.) त्याआधी देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून कोकणात उतरे, आता भरलेली गाडी घाट उतरू लागली आणि त्या सोयीबद्दल टोल देऊ लागली. पुढे 1875 साली मुंबई इलाख्याने रस्ते आणि पूल यांवरच्या टोलचा स्वतंत्र कायदाच केला. त्यात वसुली मक्त्याने देण्याची मुभा होती. मक्तेदाराने सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि नाक्यावर जे जमेल ते घ्यायचे. किती जमले हे त्याला ठाऊक. सरकारला आपल्या रकमेशी मतलब, गाडीवानाला विचारतो कोण! पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या भांडणाचे बीज याच व्यवस्थेत आहे.

खुद्द विलायतेत तेव्हा काय चालले होते, हे पाहण्यासारखे आहे. वेल्समधले गरीब शेतकरी जमिनीसाठी चुना आणत आणि वाटेतल्या प्रत्येक फाटकावर पैसे भरत. मे 1839 मध्ये त्यांनी एफाइलवेनचे फाटक फोडले. बायकांचे कपडे चढवून, तोंडाला काळे फासून, रात्री. म्होरक्याला ते ‘रिबेका’ म्हणत. 1843 पर्यंत हे चालले. मग सरकारने चौकशी आयोग नेमला, 1844 च्या कायद्याने रस्ते जिल्हा मंडळांकडे दिले आणि चुन्यावरचा टोल निम्मा केला. दंगेखोरांना काळ्या पाण्यावर धाडणाऱ्या सरकारलाही शेवटी त्यांची तक्रार खरी असल्याचे मान्य करावे लागले होते.

आपल्याकडे मोटारी आल्या तेव्हा प्रश्न पुन्हा उभा राहिला: रस्त्याचा खर्च कोणी करायचा? 1927 साली त्यासाठी समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. रस्त्यांचा भार प्रांतिक सरकारांना आणि स्थानिक संस्थांना पेलत नाही, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवून तो रस्त्यांसाठीच राखून ठेवावा, असे जयकर समितीने सुचवले. 1929 मध्ये पेट्रोलवरचा कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आण्यांवर गेला आणि वरच्या दोन आण्यांतून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. मोटारवाल्याशी झालेला हा एक करारच होता. जो जितका रस्ता वापरेल तितके पेट्रोल जाळेल आणि तितके पैसे आपोआप भरेल. नाका नको, मक्तेदार नको. सत्तर वर्षांनी, 1998 मध्ये, पेट्रोलवर लिटरमागे एक रुपयाचा अधिभार आला, पाठोपाठ डिझेलवरही आला आणि 2000 साली त्याच्यासाठी नवा कायदा झाला. गंमत अशी की, नाकेही नेमके याच वर्षांत उभे राहत होते. वाहन घेताना कर, पंपावर अधिभार आणि वर पुन्हा टोल. एकाच रस्त्याचे पैसे आपण किती वेळा देतो, हा सामान्य वाहनधारकाचा प्रश्न अर्थशास्त्राच्या दृष्टीने अगदीच भाबडा नव्हता.

1995 साली युतीचे सरकार आले. सार्वजनिक बांधकाम खात्याचे मंत्री नितीन गडकरी यांच्या काळात 1996 मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी रिलायन्सने भरलेली 3,600 कोटींची निविदा सरकारने नाकारली आणि महामंडळाने कर्जरोखे काढून तो रस्ता सुमारे 1,600 कोटींत बांधला. सरकार कमी पैशांत उत्तम रस्ता बांधू शकते, याचे हे उदाहरण अजूनही भाषणांत येते, आणि ते खरेही आहे. पण बांधण्याचा हिशेब जितका चोख, तितकाच वसुलीचा अंधारात राहिला. 2004 मध्ये आयआरबी कंपनीने 918 कोटी रुपये एकरकमी मोजले आणि द्रुतगती मार्ग व जुना महामार्ग या दोन्हींवरची वसुली पंधरा वर्षांसाठी घेतली. महामंडळाला कर्ज फेडायचे होते, त्यामुळे सौद्यात गैर काही नव्हते. मात्र टोल द्यायचा नसेल त्याने जुन्या रस्त्याने जावे, हे उत्तर तिथेच संपले; जुन्या रस्त्यावरही नाका होताच.

आणि रोज किती गाड्या जातात, हे कोण मोजणार? ज्याला वसुली मिळते तोच. 1875 च्या मक्तेदाराचा पणतू संगणक घेऊन बसला होता.

माहिती अधिकाराचा कायदा हाती आल्यावर हे चित्र थोडे बदलले. पुण्यातल्या सजग नागरिक मंचाचे विवेक वेलणकर आणि त्यांच्यासारखे काही चिवट लोक महामंडळाकडे अर्जांवर अर्ज करू लागले. वाहनसंख्या किती गृहीत धरली होती, प्रत्यक्षात किती, वसुली किती झाली, कंत्राटाच्या कोणत्या कलमात काय लिहिले आहे, असे रूक्ष प्रश्न. मोर्च्यांपेक्षा या अर्जांनी टोलचे राजकारण अधिक बदलले, असे म्हणायला जागा आहे. 2012 मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने नाक्यांवर कार्यकर्ते बसवून गाड्या मोजायला लावल्या. या पक्षाची पुढची आंदोलने तोडफोडीसाठी गाजली आणि तोडफोडीचे समर्थन कोणी करू नये. परंतु राजकीय पक्षाचे कार्यकर्ते वही-पेन घेऊन रात्रंदिवस ट्रक मोजत बसले आहेत, हे दृश्य महाराष्ट्रात तरी नवे होते. सरकारने जी मोजणी स्वतः करून जाहीर करायला हवी होती, ती विरोधकांना करावी लागली.

द्रुतगती मार्गाचे कंत्राट ऑगस्ट 2019 मध्ये संपले तेव्हा आता टोल बंद होईल, अशी भाबडी आशा अनेकांना होती. तो बंद झाला नाही. 2020 मध्ये त्याच कंपनीकडून दहा वर्षांच्या वसुलीसाठी 8,262 कोटींचा सौदा ठरला. 918 आणि 8,262 या दोन आकड्यांमध्ये महागाई आहे, वाढलेली वाहने आहेत, वाढलेले दर आहेत. पण आधीच्या पंधरा वर्षांत कंत्राटदाराच्या हाती नक्की किती आले असेल, हा प्रश्न दुसऱ्या आकड्याने आणखी धारदार केला.

तरीही द्रुतगती मार्गावरच्या प्रवाशाला निदान दिसत होते की आपल्याला काहीतरी मिळाले: पुणे जवळ आले. कोल्हापुरात नेमकी हीच जमेची बाजू नव्हती.

तिथला टोल महामार्गावरचा नव्हता, शहराच्या आतल्या रस्त्यांसाठी होता. महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबीची कंपनी यांच्यात करार झाला. शहरातले सुमारे पन्नास किलोमीटरचे रस्ते 220 कोटी रुपये खर्चून करायचे आणि त्या बदल्यात तीस वर्षे टोल घ्यायचा. शिवाय टेंबलाईवाडीचा मोक्याचा भूखंडही कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने. तीस वर्षे म्हणजे ज्या मुलाला शाळेत सोडायला बाप गाडी काढतो, त्या मुलाने आपल्या मुलाला शाळेत सोडेपर्यंत. सभागृहात हे मंजूर होत असताना किती नगरसेवकांनी करार वाचला होता, यावर शहरात पुढे बरीच कुचेष्टा झाली. शिरोली, सरनोबतवाडी, उचगाव, कळंबा, फुलेवाडी अशा शहराच्या तोंडांवर नाके उभे राहिले, तेव्हा लोकांच्या ध्यानात आले की हा टोल चुकवायला दुसरी वाटच नाही. आसपासच्या गावांची बाजारहाट, दवाखाना, कचेरी, कॉलेज, सगळे कोल्हापुरात. गाव आणि शहर यांच्यामध्ये इतकी वर्षे जी रेघ नव्हती ती करारनाम्याने ओढली.

मग उभी राहिली सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समिती. कोल्हापूरला मोर्च्याचे वावडे कधीच नव्हते. पेठा आणि तालमींचे हे शहर हाक दिली की रस्त्यावर येते. पण या आंदोलनाला वजन आले ते दोन वृद्धांमुळे. शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील तेव्हा ऐंशी ओलांडलेले, प्रकृती खालावलेली, तरी मोर्च्याच्या अग्रभागी. आणि कम्युनिस्ट पक्षाचे गोविंद पानसरे, ‘शिवाजी कोण होता?’चे लेखक, पेशाने वकील. या दोघांचा भर आरडाओरड्यावर नव्हता, कागदांवर होता. रस्ते करारात लिहिले तसे झाले का, पावसाचे पाणी जायला गटारी केल्या का, अर्धवट कामांवर वसुली कोणत्या कलमाने, असे विचारत समितीने मागणी लावून धरली की आधी रस्त्यांचे मूल्यांकन करा. म्हणजे नगाला नग मोजून सांगा, 220 कोटींचे काय झाले.

ही मागणी साधी वाटते, पण तिने भल्याभल्यांची पंचाईत केली. ‘टोल नको’ म्हणणाऱ्याला फुकट्या ठरवता येते. ‘आधी मोजा’ म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचे? ऑक्टोबर 2013 मध्ये पोलीस बंदोबस्तात वसुली सुरू झाली, जानेवारीत नाके जळले. पुढे उच्च न्यायालयाने वसुलीला स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. कायद्याने कंपनीची बाजू कमजोर नव्हती, कारण करार झाला होता आणि त्यावर लोकनियुक्त महापालिकेची सही होती. हीच तर आंदोलनाची खरी अडचण होती. लोकांचा राग कंपनीवर निघत होता, पण तीस वर्षांची सही करणारे लोकांनीच निवडून दिलेले होते.

16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळी फिरून परतणाऱ्या पानसरे दांपत्यावर घराजवळ गोळ्या झाडल्या गेल्या. 20 तारखेला पानसरे गेले. तपास वेगळ्याच दिशेने गेला; मात्र त्या दिवसांत टोलच्या लढ्याने आपला वकील गमावला, ही भावना कोल्हापुरात सर्वदूर होती.

सत्तापालट होऊन आलेल्या सरकारने मूल्यांकन करवून घेतले आणि डिसेंबर 2015 मध्ये कोल्हापूरचा टोल कायमचा रद्द केल्याचे नागपूरच्या अधिवेशनात सांगितले. शहरात गुलाल उधळला गेला. कंपनीचे देणे राज्य सरकारने उचलले. ते पैसे मग चंद्रपूरच्या आणि नंदुरबारच्या करदात्यानेही भरले, ज्याने कोल्हापूरचे रस्ते पाहिलेले नाहीत. समितीला याचा दोष देता येणार नाही. तिने रद्द करा म्हटले होते, कोणाच्या खिशातून हे ठरवणे सरकारचे काम होते. पण चुकीचा करार करणाऱ्यांपैकी कोणाला त्याची किंमत मोजावी लागली नाही, हेही त्या गुलालात झाकले गेले.

राज्यभर हाच रस्ता त्याआधीच सोयीचा ठरला होता. जून 2015 पासून बारा नाके बंद झाले आणि 53 नाक्यांवर मोटारींना आणि एसटीला सूट मिळाली. भरपाई अर्थात तिजोरीतून. मुंबईच्या वेशीवरचे वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन असे पाच नाके या सुटीतून वगळले होते. शहरातल्या 55 उड्डाणपुलांच्या खर्चासाठी ते 2002 पासून चालू होते. त्यांची 2010 पासूनची वसुली एका कंपनीने 2,100 कोटी आगाऊ भरून सोळा वर्षांसाठी घेतली होती. मुलुंडहून ठाण्याला भाजी आणायला निघालेला माणूस उड्डाणपुलाखालून गेला काय न् वरून गेला काय, पैसे देतच राहिला. या नाक्यांचे पैसे केव्हाच वसूल झाले, असे आंदोलक वर्षानुवर्षे सांगत होते. सरकार कराराकडे बोट दाखवत होते. 14 ऑक्टोबर 2024 रोजी मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि त्याच मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना पाचही नाके मोकळे झाले. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणुकीचे वेळापत्रक जाहीर झाले. इतकी वर्षे न सुटलेले गणित एका रात्रीत कसे सुटले, हे कोणी कागदावर मांडून दाखवले नाही.

ट्रक आणि टेम्पो मात्र अजून तिथे थांबतात. त्यांचा टोल भाजीच्या, दुधाच्या, सिमेंटच्या भावात मिसळून मोटारवाल्याच्याच घरी पोचतो, फक्त त्याची पावती फाटत नाही.