हिमयुगे आणि फुलपाखरांची जनुकीय विविधता

हिमयुगांतील हवामानबदलांमुळे फुलपाखरांच्या अधिवासांचा वारंवार संकोच व विस्तार झाला. त्याचा ठसा त्यांच्या आजच्या जनुकीय रचनेवर उमटलेला आहे. जनुकीय विविधता म्हणजे एकाच जातीतील निरनिराळ्या जीवांमध्ये जनुकांचे जे पर्यायी प्रकार आढळतात, त्यांचे प्रमाण होय. हा विषय जैवभूगोल आणि उत्क्रांतिशास्त्र या दोन्ही शाखांमध्ये अभ्यासला जातो.

पार्श्वभूमी

प्लाइस्टोसीन कालखंड सुमारे २५.८ लाख वर्षांपूर्वी सुरू झाला आणि सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपला. या काळात थंड हिमकाल आणि उबदार आंतरहिमकाल आलटून पालटून येत राहिले. शेवटच्या हिमकालाचा परमोच्च बिंदू सुमारे २६,५०० ते १९,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्या वेळी पुष्कळ पाणी बर्फाच्या रूपात साठल्याने समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरने खाली होती.

परिणामांचे स्वरूप

फुलपाखरांच्या अळ्या ठरावीक खाद्यवनस्पतींवर वाढतात; त्यामुळे वनस्पती जिथे तगते तिथेच फुलपाखरू तगते. हिमकालात जाती ज्या मर्यादित प्रदेशांत टिकून राहिल्या त्यांना आश्रयस्थाने म्हणतात. एकमेकांपासून तुटलेल्या आश्रयस्थानांतील समूहांत हजारो वर्षे संकर न झाल्याने त्यांची जनुके भिन्न दिशांनी बदलत गेली. हवामान उबदार झाल्यावर मोजक्याच फुलपाखरांनी नवा प्रदेश व्यापला. त्यांच्यासोबत मूळ समूहातील थोडीच जनुके पुढे गेली. यास संस्थापक परिणाम असे म्हणतात. या घडामोडींचा मागोवा मुख्यतः तंतुकणिकेतील डीएनएच्या तुलनेने घेतला जातो.

युरोपातील उदाहरणे

ब्रिटिश शास्त्रज्ञ गॉडफ्रे ह्यूइट यांनी आयबेरिया, इटली व बाल्कन या दक्षिणेकडील द्वीपकल्पांना युरोपीय जीवांची प्रमुख आश्रयस्थाने मानले. चॉकहिल ब्लू या फुलपाखराचे पश्चिम व पूर्व असे दोन जनुकीय गट मध्य युरोपात एकमेकांस भेटतात. हे दोन गट वेगवेगळ्या आश्रयस्थानांतून आले, असा त्याचा अर्थ लावला जातो.

भारतीय द्वीपकल्प

द्वीपकल्पात युरोपासारखे विस्तीर्ण हिमस्तर नव्हते. येथे हिमकालाचा परिणाम प्रामुख्याने क्षीण झालेल्या मोसमी पावसाच्या रूपाने जाणवला. रमण सुकुमार व सहकाऱ्यांनी निलगिरीतील पीट मातीच्या थरांतील कार्बनच्या समस्थानिकांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरून शेवटच्या हिमकालाच्या परमोच्च काळात तेथे शुष्क हवामान आणि गवताळ प्रदेशांचे प्राबल्य होते, असे दिसते. अशा काळात सदाहरित वन सह्याद्रीच्या अधिक ओलसर भागांपुरते आकुंचन पावते आणि त्यावर अवलंबून असणाऱ्या जाती विलग होतात. कोरड्या माळरानावरील जातींचा प्रदेश मात्र विस्तारतो.

समुद्राची पातळी खालावल्याने भारत व श्रीलंका जमिनीने जोडले गेले होते. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू नीलवंत (ब्ल्यू मॉर्मन) या दोन्ही देशांत आढळते. श्रीलंकेतील समूह स्वतंत्र उपजाती मानला जातो.

घोड व कुकडी नद्यांचे खोरे

कोरड्या व ओल्या अधिवासांतील हा फरक आज पुणे जिल्ह्यातील एकाच खोऱ्यात पाहता येतो. घोड नदी भीमाशंकरच्या परिसरात उगम पावते. तेथील सदाहरित वनास १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पूर्वेकडे शिरूर तालुक्यातील कवठे येमाईच्या परिसरात येईपर्यंत पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश लागतो. वनातील माकडलिंबूसारख्या झाडांवर नीलवंताच्या अळ्या वाढतात, तर माळावरील रुईवर प्लेन टायगरच्या.

घोडची उपनदी कुकडी हिच्या काठी, जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक येथे ज्वालामुखीय राखेचा थर आणि अश्मयुगीन हत्यारे सापडली आहेत. ही राख इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीची मानली जाते. टोबाचा शेवटचा महाउद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झाला. बोरीचा थर त्याच उद्रेकाचा की त्याहून कितीतरी जुना, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. प्लाइस्टोसीन काळातील घटनांच्या खुणा याप्रमाणे या खोऱ्यातही जतन झाल्या आहेत.

संवर्धनातील महत्त्व

जनुकीय विविधता कमी असलेल्या समूहास रोग व हवामानबदल यांना तोंड देणे अवघड जाते. फिनलंडमधील ऑलंड बेटांवरील ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी या फुलपाखरावरील १९९८ च्या अभ्यासात अंतःप्रजननामुळे लहान समूह नष्ट होण्याचा धोका वाढतो, असे दिसून आले. हिमकालात आकुंचन पावलेल्या वनांना पुन्हा पसरण्यास हजारो वर्षे आणि मोकळा प्रदेश मिळाला होता. आज रस्ते, शेती व वस्ती यांनी तुटलेल्या वनखंडांना तशी मुभा नाही. पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिम घाटातून पूर्वेकडे स्थलांतर करणाऱ्या टायगर व क्रो गटांतील फुलपाखरांमुळे दूरच्या समूहांत जनुकांची देवाणघेवाण होऊ शकते. परंतु वनातच राहणाऱ्या जातींना ती संधी नसते. म्हणून प्राचीन आश्रयस्थाने आणि त्यांना जोडणारे वनपट्टे राखणे हे फुलपाखरांच्या संवर्धनाचे महत्त्वाचे अंग मानले जाते.