भाऊसाहेब निंबाळकरांचा अपुरा डाव

डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात, पूना क्लबच्या मैदानावर, महाराष्ट्र आणि काठेवाड या संघांत रणजी करंडकाचा सामना झाला. काठेवाडच्या २३८ धावांना उत्तर देताना महाराष्ट्राने चार गडी गमावून ८२६ धावा केल्या. त्यांपैकी नाबाद ४४३ भाऊसाहेब निंबाळकर यांच्या होत. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाचा हा आजही सर्वोच्च डाव आहे. ब्रॅडमन यांचा १९३० मधील नाबाद ४५२ धावांचा जागतिक उच्चांक मोडण्यास केवळ दहा धावा उणे होत्या. परंतु विश्रांतीनंतर काठेवाडचा संघ मैदानात उतरलाच नाही. त्याचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना सोडून दिला. असल्या विक्रमाशी आपल्या संघाचे नाव जोडले जाऊ नये, असे त्यामागील कारण सांगितले जाते.

या प्रसंगाकडे निव्वळ लहर म्हणून पाहणे पुरेसे नाही. फेब्रुवारी १९४८ मध्येच काठेवाडातील संस्थानांचे एकीकरण झाले होते. राजकोटची राजसत्ता उरली नव्हती. क्रीडांगणावर मात्र राजेसाहेबांचा शब्द अद्याप अखेरचा होता.

डावाचे मूल्यमापन करताना काही सावधगिरी अवश्य बाळगावी. त्याच मोसमात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच मुंबई व महाराष्ट्र यांच्या सामन्यात एकंदर २३७६ धावा निघाल्या. तेव्हा तो काळ गोलंदाजांचा खचितच नव्हता. शिवाय प्रचंड धावसंख्या म्हणजे प्रचंड फटकेबाजी, हा समजही येथे टिकत नाही. ४९४ मिनिटांच्या त्या खेळात चौकार ४९ आणि षटकार अवघा एक. म्हणजे २४१ धावा, निम्म्याहून अधिक, धावून काढलेल्या! कमल भांडारकर (२०५) यांच्यासह केलेली ४५५ धावांची भागीदारीही या चिकाटीचीच साक्ष देते.

त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात पाच कसोटी सामने खेळत होता. निंबाळकरांची निवड त्यांपैकी एकाही सामन्यासाठी झाली नाही, पुढेही कधी झाली नाही. एका डावाच्या बळावर कसोटीचा हक्क सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु प्रथम श्रेणीतील ४८४१ धावा आणि ४७.९३ ही सरासरी पाहता ही उपेक्षा समर्थनीय वाटत नाही. कोल्हापुरात १९१९ मध्ये जन्मलेला हा खेळाडू बडोदा, महाराष्ट्र, होळकर अशा संघांतून खेळत अखेर रेल्वेच्या संघात आला. संस्थानिकांचा आश्रय संपून सरकारी खात्यांचा आश्रय सुरू झाला, त्या स्थित्यंतराचाच हा मार्ग होता. १९६४-६५ च्या मोसमानंतर ते निवृत्त झाले आणि ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरात निधन पावले.