‘गोल्डस्टार’ची वंशावळ

बुलेटवाल्यांच्या दुनियेत सायलेन्सरलाही घराणी आहेत. पंजाब, इंदोरी, डॉल्फिन, मेगाफोन, शॉर्ट बॉटल, आणि या सगळ्यांत खानदानी समजला जाणारा गोल्डस्टार. दुकानदार भिंतीवरचे नग खाली काढतो, आतली जाळी ठेवायची की उडवायची ते विचारतो आणि गिऱ्हाईक आवाज ऐकून ठरवतं. नाव आलं कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही.

ते आलं इंग्लंडमधून. सरे परगण्यात ब्रुकलँड्सचा काँक्रीटचा रेसट्रॅक 1907 साली सुरू झाला. तिथल्या शर्यतीत ताशी 100 मैलांहून जास्त वेगाने फेरी मारणाऱ्या मोटरसायकलस्वाराला सोन्याच्या ताऱ्याची छोटीशी पिन मिळायची. 30 जून 1937 रोजी वॉल हँडली यांनी ती पटकावली. निवृत्ती बाजूला ठेवून शर्यतीत उतरलेल्या या गड्याने बीएसए कंपनीची ‘एम्पायर स्टार’ ताशी 107.57 मैलांच्या वेगाने पिटाळली होती. कंपनीने संधी साधली. पुढच्याच वर्षी ‘गोल्ड स्टार’ नावाचं मॉडेल बाजारात आलं. त्याच्या 1956 च्या ‘डीबीडी 34’ या आवृत्तीचा सायलेन्सर तर आवाजासाठीच लक्षात राहिला. थ्रॉटल सोडला की त्यातून चिवचिवाट निघे. आपल्याकडच्या दुकानांत टांगलेल्या नगांचं नाव त्याचंच; आतली रचना मात्र ज्याची त्याची.

गंमत पुढेच आहे. याच ब्रुकलँड्सला आवाजापायी शेजाऱ्यांनी कोर्टात खेचलं होतं. 1920 च्या दशकात तिथे धावणाऱ्या प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा झाला. ‘ब्रुकलँड्स कॅन’ म्हणून ओळखला जाणारा हा फुगीर डबा लावल्याशिवाय ट्रॅकवर प्रवेश नसे. म्हणजे ज्या पिनेवरून हे नाव पडलं, ती मिळवण्याचा मार्गही सायलेन्सरमधूनच जात होता!

बुलेटची गोष्ट निराळी. 1955 पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेल्या या गाडीच्या जुन्या इंजिनात 346 सीसीचं एकच सिलिंडर असे, 70 मिमी रुंद आणि 90 मिमी स्ट्रोकचं. मिनिटाला 800 फेरे धरले, तर फोर-स्ट्रोक इंजिनात सेकंदाला सहा-सात ठोके पडतात, आणि ते सुटे-सुटे ऐकू येतात. ‘डुगडुग’ ती हीच. ती इंजिनाची देणगी आहे, जाळी काढल्याने येत नाही. जाळी काढली की फक्त गलका वाढतो. शिवाय जेट बदलून कार्बोरेटर नीट ट्यून केला नाही, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं. शर्यतीच्या गाडीला मोकळ्या पाइपचा फायदा होतो तो चढ्या आरपीएमला. बाजारपेठेतून तिसऱ्या गिअरमध्ये जाणाऱ्या बुलेटला त्याचा काय उपयोग?

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत तर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बेंड पाइपात किंवा सायलेन्सरमध्ये बसवलेला असतो. हौसेपायी तो भाग बदलला, की तोही जातो.

जुन्या बुलेटला जाळीसकट दुसरा सायलेन्सर लावण्याची हौस समजू शकते, पण तिथेही आवाज मूळ मर्यादेत राहायला हवा. नव्या गाडीला मात्र कंपनीचाच ठेवावा. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाज किंवा धुराचे निकष मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जातं.