हालचाल हुकमाची आणि हालचाल आपसूक

तापलेल्या तव्याला बोट लागताच हात झटकन मागे येतो. चटका बसल्याची जाणीव त्यानंतर क्षणभराने होते. त्याच हाताने चहाचा कप उचलायचा असेल, तर मात्र आधी इच्छा होते आणि मग हात पुढे सरकतो. दोन्ही वेळा राबणारे हाताचे स्नायू तेच आणि त्यांना आज्ञा पोहोचवणारे मज्जातंतूही तेच. फरक असतो तो आज्ञा कोठून सुटली याचा. हा फरक शालेय पुस्तकापुरता मर्यादित नाही. अर्धांगवायूचे निदान, कण्याला इजा झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांची आशा आणि मेंदूमृत्यूचा निर्णय या तिन्ही ठिकाणी तो कळीचा ठरतो.

आखूड वाट

मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू पाठीच्या कण्यातील पोकळीतून खाली उतरतो. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. प्रत्येक मज्जातंतूला दोन मुळे असतात. मागच्या मुळातून संवेदना आत येते, पुढच्या मुळातून आज्ञा बाहेर जाते. हे कार्यविभाजन फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रांस्वा माजांदी यांनी १८२२ मध्ये प्रयोगांतून दाखवून दिले.

चटक्याची संवेदना मज्जारज्जूत शिरते, तेथील मधल्या पेशी ती प्रेरक पेशींच्या स्वाधीन करतात आणि हात आखडतो. त्याच वेळी हात सरळ करणाऱ्या स्नायूंना थोपवले जाते; अन्यथा दोन्ही स्नायू परस्परांविरुद्ध ओढत राहिले असते. या परस्परपूरक व्यवस्थेचा सखोल अभ्यास ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी केला. एडगर एड्रियन यांच्यासमवेत त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या साऱ्या प्रकाराची वर्दी मेंदूलाही जाते, परंतु ती मागाहून पोहोचते. या हालचालीला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

सर्वांत आखूड वाट गुडघ्याच्या झटक्याची. वाटीखालच्या स्नायुबंधावर हातोडीचा हलका ठोका बसला की मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो, मज्जारज्जूत एकाच सांध्यावर निरोपाची देवघेव होते आणि पाय पुढे उडतो. स्नायूपर्यंत आज्ञा येण्यास सुमारे २० सहस्रांश सेकंद पुरतात. याउलट, दिवा लागलेला पाहून बटण दाबण्यास साधारण २०० सहस्रांश सेकंद लागतात. शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत सुटलेल्या धावपटूची सुरुवात अवैध धरली जाते, ती याच हिशेबाने. एवढ्या अल्प वेळात आवाज ऐकून निघणे शक्य नाही, असे नियम मानतो.

इच्छेची लांब वाट

कप उचलण्याचा बेत मोठ्या मेंदूच्या पुढच्या भागात आखला जातो. तेथील एका पट्ट्यातून स्नायूंसाठी आज्ञा सुटतात. गुस्टाव फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग या जर्मन संशोधकांनी १८७० मध्ये कुत्र्याच्या मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह देऊन या भागाचे अस्तित्व सिद्ध केले. या पट्ट्यात पाठ-पोटापेक्षा हाताची बोटे आणि चेहरा यांच्या वाट्याला कितीतरी अधिक जागा आली आहे. बोटांचे कसब आणि बोलणे यांना तेवढी यंत्रणा लागते. पट्ट्यातून निघालेले बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत, बाजू बदलतात. त्यामुळे डाव्या मेंदूला इजा झाली की शरीराची उजवी बाजू लुळी पडते.

वाटेत इतरांचाही हात लागतो. लहान मेंदू हालचालीचा नेमकेपणा आणि तोल सांभाळतो. मद्यपीची पावले वेडीवाकडी पडतात ती लहान मेंदूच्या कामात बाधा आल्याने. मेंदूच्या खोल भागातील केंद्रके हालचाल सुरू करण्यास साह्य करतात. त्यांना लागणारे डोपामाइन कमी पडले की कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार होतो. इच्छा शाबूत असूनही पाऊल लवकर उचलत नाही.

दोन्ही वाटा परस्परांपासून तुटलेल्या मात्र नाहीत. घास गिळण्यास आपण आरंभ करतो, पुढचे काम आपोआप होते. चालण्याचे ठरवतो मेंदू, पण पावलांची लय राखण्यात मज्जारज्जूचा मोठा वाटा असतो. उलट, हातातले भांडे पोळत असले तरी ते न टाकता ओट्यावर नेऊन ठेवता येते. मेंदू प्रतिक्षिप्त क्रियेला आवर घालू शकतो, त्याचे हे घरगुती उदाहरण.

हातोडी काय सांगते?

डॉक्टरांची हातोडी नेमका हाच आवर तपासते. मेंदूतून खाली येणारी वाट खंडित झाली, की आरंभी अंग ढिले पडू शकते. मात्र कालांतराने स्नायू ताठरतात आणि गुडघ्याचा झटका नेहमीपेक्षा जोरदार होतो. मधुमेहाने मज्जातंतू खराब झाले किंवा पोलिओने प्रेरक पेशी नष्ट केल्या, तर झटका मंदावतो वा नाहीसा होतो. तळपायावर टोकदार वस्तू ओढल्यास प्रौढ माणसाचा अंगठा खाली वळतो. तो वर उचलला गेला तर मेंदूकडून येणाऱ्या वाटेत बिघाड आहे, हे जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये नोंदवले. तान्ह्या बाळात मात्र ही वाट पूर्ण तयार झालेली नसल्याने अंगठा वर जाणे स्वाभाविक असते.

अर्धांगवायूचा झटका आल्यास वेळ मोलाचा असतो. तोंड वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध योग्य रुग्णाला साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

हललेला पाय

मज्जारज्जूला गंभीर इजा झाल्यावर सुरुवातीला इजेखालच्या प्रतिक्षिप्त क्रिया थंडावतात. काही दिवसांनी वा आठवड्यांनी त्या परततात, तेव्हा नुसत्या स्पर्शाने पाय आखडतो. घरच्यांना वाटते, ताकद येऊ लागली. प्रत्यक्षात ती आखूड वाट जागी झालेली असते. मेंदूची वाट जुळली असे त्यावरून म्हणता येत नाही.

मेंदूमृत व्यक्तीबाबत हा संभ्रम अधिक क्लेशदायक ठरतो. मज्जारज्जू काही काळ कार्यरत राहिल्याने अशा व्यक्तीचा हात वा पाय क्वचित हलतो. म्हणूनच मृत्यूचा निर्णय हातापायांच्या हालचालीवर सोपवलेला नाही. उजेडात बाहुली आकुंचते का, बुबुळाला स्पर्श होताच पापणी मिटते का, कृत्रिम श्वास थांबवल्यास स्वतःचा श्वास सुरू होतो का, अशा मेंदूच्या तळाशी असलेल्या क्रिया तपासल्या जातात. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोन वेळा ही तपासणी करते.

रुग्णाच्या खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकाने हलणाऱ्या पायाविषयी डॉक्टरांना विचारावा असा प्रश्न एकच आहे: पाय स्पर्शाने हलला, की 'हलवा' असे सांगितल्यावर?